नोंदवहीचें पान आणि साक्षीदाराची जबानी
दस्तऐवजी नाटकाच्या प्रामाण्याविषयीं कांहीं विचार

बखर आणि अस्सल कागद यांतील भेद या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. बखरकार मागाहून बसून ऐकीव व आठवणीच्या आधारें लिहितो. पत्र, याद, निवाडा, हिशेब हे कागद त्या त्या वेळीं, त्या त्या कामापुरते लिहिले गेलेले असतात. म्हणून कागदास बखरीहून अधिक मान. परंतु गेल्या शंभर वर्षांत पाश्चात्त्य देशांत असा एक नाट्यप्रकार वाढला आहे कीं, त्यास बखरीच्या बाजूस बसवावें कीं कागदाच्या, याचा सहजासहजीं निर्णय होत नाहीं. त्यास आपण ‘दस्तऐवजी नाटक’ म्हणूं. त्यांतील पात्रें खरोखर होऊन गेलेलीं माणसें असतात. त्यांच्या मुखीं घातलेलीं वाक्यें न्यायालयाच्या किंवा चौकशी-समितीच्या दप्तरांतून उचललेलीं असतात. निवड, क्रम आणि बांधणी मात्र नाटककाराची असते. असें नाटक इतिहासाचें साधन होऊं शकतें काय, आणि त्यांतील शब्द अस्सल आहेत एवढ्यावरून ते खरे मानावे काय, या दोन प्रश्नांचा विचार एका घडलेल्या प्रकरणाच्या आधारें येथें करावयाचा आहे. तें प्रकरण अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यांतील सिअॅटल नगरांतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाचें होय.

प्रथम या नाट्यप्रकाराची वंशावळ थोडक्यांत पाहूं. १९२५ मध्यें बर्लिन येथें एर्विन पिस्काटर यानें भाषणें, वर्तमानपत्रांतील कात्रणें व चित्रफिती एकत्र गुंफून एक प्रयोग केला. पुढें १९३५ पासून १९३९ पर्यंत अमेरिकेंत सरकारी पैशानें चाललेल्या नाट्यसंस्थेनें ‘जिवंत वृत्तपत्र’ नांवाचे प्रयोग करून चालू प्रश्न कागदपत्रांसह रंगभूमीवर आणले. या संस्थेवर साम्यवादाचा आरोप होऊन १९३९ मध्यें तिचा निधि बंद झाला. १९६४ मध्यें हाइनार किपहार्ट यानें अणुशास्त्रज्ञ ओपेनहायमर यांच्या चौकशीवर नाटक रचलें, आणि १९६५ मध्यें पीटर वाइस यानें आउश्वित्स येथील छळछावणीच्या खटल्यावर आपलें ‘चौकशी’ हें नाटक लिहिलें.

या प्रकाराचा रूपकाशीं घोटाळा करूं नये. खाडिलकरांच्या १९०७ सालच्या ‘कीचकवधा’त महाभारतांतील कथा होती, कीचक कोण हें प्रेक्षकानें मनांत ओळखावयाचें होतें, आणि सरकारनेंहि तें ओळखून १९१० मध्यें नाटकावर बंदी घातली. आर्थर मिलर यानें १९५३ मध्यें साम्यवाद्यांच्या शोधाविषयीं बोलावयाचें असतां १६९२ सालच्या चेटकिणींच्या खटल्यांचा आडपडदा घेतला, तोहि याच जातीचा. रूपकांत नांव खोटें व अर्थ खरा असतो. दस्तऐवजी नाटकांत नांव, तारीख व शब्द हीं सर्व खरीं असल्याची हमी दिलेली असते. हमी दिली कीं तिची तपासणी करण्याचा अधिकार वाचकास येतो.

आतां मूळ प्रकरण. दुसरें महायुद्ध संपल्यावर अमेरिका व रशिया यांच्यांतील वैर वाढूं लागलें आणि अमेरिकेंत साम्यवादी पक्षाच्या सभासदांविषयीं संशय पसरला. १९४७ मध्यें वॉशिंग्टन राज्याच्या विधिमंडळानें ‘अमेरिकाविरोधी कृत्यां’ची चौकशी करण्यासाठीं एक समिति नेमली. स्पोकेन येथील प्रतिनिधि अल्बर्ट कॅन्वेल हा तिचा अध्यक्ष, म्हणून तिला कॅन्वेल समिति म्हणतात. समितीस ‘आवश्यक व सोयीचे असे सर्व अधिकार’ देण्यांत आले होते. १९४८ च्या आरंभीं वृद्धांच्या निवृत्तिवेतनासाठीं झटणाऱ्या एका संघटनेची चौकशी करून समिति त्याच वर्षीं जुलै महिन्यांत विद्यापीठाकडे वळली. चौकशी सिअॅटल येथील सैनिकी शस्त्रागाराच्या इमारतींत झाली.

या चौकशीचा एक नियम वाचकांनीं लक्षांत ठेवावा, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर उभें आहे. ज्याच्यावर आरोप होई त्यास किंवा त्याच्या वकिलास आरोप करणाऱ्या साक्षीदाराची उलटतपासणी करण्याची मुभा नव्हती. वकिलानें आपल्या अशिलास सल्ला द्यावा, याहून अधिक बोलूं नये. समिति ही न्यायालय नव्हे, ती केवळ माहिती गोळा करिते, असें त्याचें समर्थन होतें. परंतु त्या माहितीनें माणसांच्या नोकऱ्या गेल्या. चौकशीनंतर सहा अध्यापकांवर विद्यापीठानें आरोप ठेवले व प्रकरण अध्यापकांच्याच अकरा जणांच्या मंडळापुढें गेलें. इंग्रजीचे जोसेफ बटरवर्थ व तत्त्वज्ञानाचे हर्बर्ट फिलिप्स यांनीं आपण साम्यवादी पक्षाचे सभासद असल्याचें मंडळापुढें कबूल केलें; तरीहि त्यांस काढूं नये असेंच मंडळाचें बहुमत पडलें. मानसशास्त्राचे राल्फ गंडलाक यांनीं सभासदत्व नाकारलें. त्यांच्याविरुद्ध मात्र बहुमत गेलें. विद्यापीठाचे अध्यक्ष रेमंड अॅलन यांचें मत असें कीं, जो पक्षाच्या आज्ञेनें विचार करण्यास बांधला गेला तो सत्यशोधनास मोकळा राहत नाहीं, म्हणून तो अध्यापनास अपात्र होय. नियामक मंडळानें हें मत उचलून धरिलें आणि २२ जानेवारी १९४९ रोजीं तिघांसहि कामावरून दूर केलें. इबी, एथेल व मानववंशशास्त्रज्ञ मेल्विल जेकब्स या उरलेल्या तिघांस दोन वर्षें परीक्षणाखालीं ठेवण्यांत आलें. बटरवर्थ हे चॉसर या जुन्या इंग्रज कवीचे अभ्यासक. जुन्या पोथ्यांवर आयुष्य घालविलेल्या त्या गृहस्थास पुन्हा विद्यापीठांत जागा मिळाली नाहीं. इतर दोघांसहि नाहीं.

अॅलन यांचें म्हणणें सर्वस्वीं पोकळ होतें असें म्हणून पुढें जाणें न्याय्य होणार नाहीं. दोघांनीं सभासदत्व स्वतः कबूल केलें होतें, आणि त्या पक्षाची शिस्त कडक होती हेंहि खरें. परंतु ज्याच्या अध्यापनांत दोष दाखवितां येत नाहीं त्यास केवळ संघाच्या नांवावरून दूर करावें काय, हा प्रश्न त्या शिस्तीनें सुटत नाहीं. या लेखाचा विषय मात्र याहून वेगळ्या एका गृहस्थाचा आहे. त्यानें कांहींच कबूल केलें नव्हतें.

मेल्विन रेडर हे त्याच विद्यापीठांत तत्त्वज्ञानाचे अध्यापक होते. सौंदर्यशास्त्रावरील त्यांचा १९३५ सालचा ग्रंथ पुष्कळ ठिकाणीं अभ्यासला जाई. न्यूयॉर्कहून आलेला, पूर्वीं साम्यवादी पक्षांत असलेला जॉर्ज ह्यूइट नांवाचा साक्षीदार समितीपुढें उभा राहिला आणि त्यानें शपथेवर सांगितलें कीं, सुमारें दहा वर्षांपूर्वीं एका उन्हाळ्यांत न्यूयॉर्क राज्यांतील साम्यवाद्यांच्या एका गुप्त शिक्षणवर्गास रेडर हजर होते. रेडर यांनींहि शपथेवर सांगितलें कीं, आपण साम्यवादी कधींच नव्हतों आणि त्या वर्गास गेलों नाहीं. त्या उन्हाळ्यांत आपण सहकुटुंब याच राज्यांत, कॅस्केड पर्वताच्या पायथ्याशीं कॅन्यन क्रीक नांवाच्या विश्रामगृहांत राहिलों होतों. दोन शपथा समोरासमोर उभ्या राहिल्या. एक खरी असेल तर दुसरी खोटी असलीच पाहिजे. उलटतपासणीचा मार्ग बंद. मग उरलें काय? विश्रामगृहाची नोंदवही.

येथें या लेखाच्या वाचकाचे कान टवकारले पाहिजेत. नोंदवही ही किती क्षुद्र वस्तु! आलेल्या पाहुण्यानें नांव लिहावें, पुढें गांव लिहावें, तारीख घालावी. लिहिणाऱ्याच्या मनांत इतिहास नाहीं, कीर्ति नाहीं, कोणास बुडवावें किंवा तारावें असाहि हेतु नाहीं; म्हणूनच तिचें प्रामाण्य मोठें. प्रस्तुत लेखकानें उभें आयुष्य शाळेंत हजेरीपट भरण्यांत घालविलें आहे. अमक्या दिवशीं अमका विद्यार्थी हजर होता ही खूण करितांना ती पुढें कोणाच्या उपयोगी पडेल असें कधीं मनांत आलें नाहीं. आणि मनांत आलें नाहीं यांतच त्या खुणेची किंमत आहे.

ती नोंदवही समितीच्या चौकशीदारांनीं विश्रामगृहांतून नेली. ज्या कागदानें रेडर यांचें म्हणणें सिद्ध व्हावयाचें तोच कागद आरोप करणाऱ्यांच्या ताब्यांत गेला, आणि रेडर यांस त्याचा उपयोग करितां येईना. खोट्या साक्षीबद्दल ह्यूइटवर सिअॅटल येथें खटला भरण्याचा प्रयत्न झाला. परंतु तो न्यूयॉर्कला परतला होता आणि तेथील न्यायाधीशानें त्यास परत पाठविण्याचें नाकारिलें. खटला उभाच राहिला नाहीं. रेडर यांच्यावरील डाग तसाच राहिला.

तो डाग ‘सिअॅटल टाइम्स’ या दैनिकाचा वार्ताहर एडविन गथ्मन यानें पुसला, आणि ज्या रीतीनें पुसला ती आम्हां संशोधकांस ओळखीची वाटेल. त्यानें भाषणें केलीं नाहींत, मतें मांडलीं नाहींत. तो कागद शोधीत हिंडला. रेडर यांनीं ग्रंथालयांतून पुस्तकें नेल्याची नोंद, चष्म्यासाठीं नेत्रवैद्याकडे गेल्याची नोंद, असे बारीकसारीक पुरावे त्यानें जुळविले. विश्रामगृहांतील माणसांस गांठून नोंदवही कोणीं नेली याचा माग काढिला. प्रत्येक नोंद एकटी दुबळी होती. सर्व मिळून मात्र त्या उन्हाळ्यांत रेडर न्यूयॉर्कला नव्हते हें दिसून आलें. १९४९ च्या ऑक्टोबरांत ही हकीकत छापून आली, आणि अध्यक्ष अॅलन यांनींहि रेडर निर्दोष असल्याचें जाहीर केलें. या कामगिरीबद्दल गथ्मन यास १९५० चें पुलित्झर पारितोषिक मिळालें. रेडर यांनीं स्वतःची हकीकत पुढें १९६९ मध्यें ‘खोटा साक्षीदार’ अशा अर्थाच्या नांवानें ग्रंथरूप केली.

आतां नाटकाकडे वळूं. चौकशीस पन्नास वर्षें झालीं त्या वर्षीं, १९९८ मध्यें, त्याच विद्यापीठाच्या नाट्यविभागांतील अध्यापक मार्क जेंकिन्स यांचें या प्रकरणावरील नाटक तेथें रंगभूमीवर आलें व १९०० चें शतक संपतां संपतां, २००० मध्यें, तें विद्यापीठाच्या छापखान्यानें पुस्तकरूपानें काढिलें. समितीस दिलेल्या ‘आवश्यक व सोयीच्या सर्व अधिकारां’चे शब्द हेंच त्यांचें नांव. त्याच्या चार वर्षें आधीं, १९९४ मध्यें, विद्यापीठाचे तत्कालीन अध्यक्ष विल्यम गर्बर्डिंग यांनीं संस्थेच्या वतीनें झाल्या गोष्टीबद्दल जाहीर क्षमा मागितली होती.

हें नाटक रंगभूमीवर येण्यांत एक करुण संगति आहे. कॅन्वेल समितीनें अध्यापकांप्रमाणें नाटकवाल्यांसहि बोलाविलें होतें. बर्टन व फ्लॉरेन्स जेम्स या दांपत्यानें १९२८ मध्यें स्थापिलेलें सिअॅटल रेपर्टरी प्लेहाउस विद्यापीठाच्या अगदीं शेजारीं होतें. समितीच्या प्रश्नांस उत्तर न दिल्याबद्दल दोघांसहि अवमानाची शिक्षा झाली, प्रेक्षक घटले, अखेर ती नाट्यगृहाची इमारत विद्यापीठाच्या ताब्यांत गेली. बर्टन जेम्स १९५१ मध्यें वारले आणि फ्लॉरेन्स कॅनडांत गेल्या. जी कला समितीपुढें आरोपी म्हणून उभी होती तीच पन्नास वर्षांनीं समितीची साक्ष घ्यावयास उठली.

आतां प्रामाण्याचा विचार. समितीनें १९४८ मध्येंच आपले वृत्तान्त छापून प्रसिद्ध केले. त्यांत साक्षी प्रश्नोत्तररूपानें आहेत. कागद म्हणून ते अस्सल आहेत यांत शंका नाहीं: तारीख आहे, स्थळ आहे, बोलणाराचें नांव आहे, लघुलेखकानें उतरून घेतलेले शब्द आहेत. आणि तरीहि त्यांत ह्यूइटची साक्ष आहे, जी खरी नव्हती. यावरून निघणारा सिद्धान्त साधा, परंतु वारंवार विसरला जाणारा आहे: कागद अस्सल असणें वेगळें आणि कागदांतील विधान खरें असणें वेगळें. अस्सल वृत्तान्त एवढेंच सिद्ध करितो कीं, अमक्या दिवशीं अमका मनुष्य असें बोलला. तो बोलला तें घडलें होतें कीं नाहीं, हें दुसऱ्या पुराव्यानें ठरवावें लागतें. आम्ही महजर वाचितांना हें जाणतों. साक्षीदारांच्या निशाण्या खऱ्या असूनहि त्यांनीं सांगितलेली हकीकत पक्षपाताची असूं शकते. आमच्या स्मृतिकारांनीं व्यवहारप्रकरणांत लिखित, भुक्ति व साक्षी असे पुराव्याचे तीन प्रकार निराळे केले, ते याच कारणानें.

स्मृतिकारांनीं आणखी एक गोष्ट सांगून ठेविली आहे. साक्षीदार बोलत असतां त्याच्याकडे पाहावें: तो एका जागीं स्थिर आहे कीं नाहीं, ओंठ चाटतो काय, कपाळास घाम येतो काय, मुखाचा वर्ण पालटतो काय, वाणी अडखळते काय. हें सर्व लघुलेखकाच्या कागदांतून गळून जातें. कागदावर निर्भीड मनुष्याचें ‘नाहीं’ आणि घाबरलेल्या मनुष्याचें ‘नाहीं’ हीं दोन्ही सारखींच उमटतात. रंगभूमि हा गळलेला भाग परत आणिते. नट अडखळतो, घाम पुसतो, नजर चुकवितो. आणि प्रेक्षकास वाटतें कीं, आपण प्रत्यक्ष चौकशींत बसलों आहों. दस्तऐवजी नाटकाचें सर्व बळ यांत आहे, आणि त्याचा सर्व धोकाहि यांतच आहे. कारण नाटक जें परत आणितें त्यास आधार नसतो. शब्द दप्तरांतले, घाम नटाचा. ज्या भागावरून प्रेक्षक खरें-खोटें ठरवितो नेमका तोच भाग रचलेला असतो.

हा धोका केवळ तर्कांतला नव्हे. १९५४ मध्यें ओपेनहायमर यांची जी चौकशी झाली तिचा समग्र वृत्तान्त सरकारनेंच त्या वर्षीं छापला, व किपहार्टचें नाटक त्यावर उभें आहे. हे ओपेनहायमर बर्कली येथें आर्थर रायडर यांच्यापाशीं संस्कृत शिकलेले होते. नाटक पाहण्यांत आल्यावर त्यांनीं तक्रार केली कीं, शेवटीं आपल्या मुखीं जें भाषण घातलें आहे तें आपण कधीं केलेलें नाहीं व त्यांतील पश्चात्तापहि आपला नव्हे. किपहार्टनें आपण कागदांत कोठें फेरफार केला हें प्रसिद्धपणें सांगितलें होतें. परंतु नाट्यगृहांत बसलेल्या मनुष्यास शंभर खऱ्या वाक्यांनंतर आलेलें एकशें एकावें वाक्य रचलेलें आहे हें कळावें कसें? खऱ्या नाण्यांच्या थैलींत घातलेलें खोटें नाणें अधिक सुखानें खपतें.

जेंकिन्स यांनीं या बाबतींत प्रामाणिकपणा दाखविला आहे. आपलें नाटक ‘तथ्य व तर्क यांचें’ आहे असें त्यांनीं उपशीर्षकांतच सांगून टाकिलें. संशोधकानें अशा नाटकाकडे कसें पाहावें याचीहि किल्ली त्या दोन शब्दांत आहे. त्यांतील वाक्यांचे तीन वर्ग करावे: त्या वेळीं उतरून घेतलेलीं, मागाहून आठवणींतून सांगितलेलीं, आणि नाटककारानें दुवा जोडण्यासाठीं रचलेलीं. पहिल्या वर्गास कागदाचें प्रामाण्य, दुसऱ्यास बखरीचें, तिसऱ्यास काव्याचें. दुसऱ्या वर्गांत दोन्ही पक्ष यावयास हवे. रेडर यांचा ग्रंथ एका बाजूचा. कॅन्वेल यांनीं आपल्या वृद्धपणीं सांगितलेली व १९९७ मध्यें राज्यानें छापलेली मौखिक हकीकत दुसऱ्या बाजूची. आपण केलें तें योग्यच केलें, ही त्यांची धारणा शेवटपर्यंत ढळली नाहीं. संशोधकानें दोन्ही वाचावीं, आणि नंतर ग्रंथालयाची व नेत्रवैद्याची नोंद पाहावी.

मग नाटकाचा उपयोग काय? माझ्या मतें उपयोग आहे, आणि तो लहान नाहीं. नाटक पुरावा नव्हे. नाटक पुराव्याकडे नेणारी वाट आहे. समितीचे छापील वृत्तान्त कपाटांत होते, वाचणारे थोडे होते. रंगभूमीनें तीं नांवें पुन्हा लोकांच्या कानीं घातलीं, आणि ज्या विद्यापीठानें त्या माणसांस दाराबाहेर केलें त्याच विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांस तीं ऐकविलीं. ज्यास उलटतपासणीचा हक्क नाकारला गेला त्यास प्रेक्षकांपुढें तरी प्रश्न विचारण्याची जागा मिळाली. न्याय नव्हे, परंतु फेरतपासणी खरी.

शेवटीं संग्राहक मंडळीस एक विनंति. आपण ताम्रपट, सनदा, सचित्र पोथ्या जपतों. भाड्याच्या वह्या, धर्मशाळांच्या नोंदी, वाचनालयांचीं खतावणीं, वैद्यांच्या याद्या रद्दींत जाऊं देतों. सिअॅटलच्या प्रकरणांत मोठे कागद सर्व एका बाजूस होते: विधिमंडळाचा ठराव, शपथेवरील साक्ष, समितीचा छापील वृत्तान्त. दुसऱ्या बाजूस होते ते ग्रंथालयाचें टिपण, चष्म्याची नोंद आणि विश्रामगृहाच्या वहीचें एक पान. एका निरपराध अध्यापकाची अब्रू त्या क्षुद्र कागदांनीं राखिली. समितीच्या स्वतःच्या दप्तराची विधिमंडळानें १९५५ मध्यें विचारपूस केली तेव्हां त्यांतील पुष्कळ कागद जागेवर नव्हते, हेंहि ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. कागद ठेवणाराच्या हातीं सत्ता असते. ती सत्ता सत्तेवाल्यांच्याच हातीं राहूं नये, म्हणून आपल्यासारख्या पदरमोड करून कागद राखणाऱ्या माणसांचें प्रयोजन. पुढच्या खेपेस एखाद्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर नुसत्या नांवांची व तारखांची वाळवी लागलेली वही सांपडली, तर ती टाकण्यापूर्वीं रेडर यांचें स्मरण करावें, एवढीच प्रार्थना.